सिंगल रूमचा हिशेब

घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात मी टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरवर असते. त्या दिवशी कळव्याच्या एका आजींचा डिस्चार्ज होता, गुडघा बदलला होता. बिल 2,48,000. फायनल बिल बारा वाजता अपलोड केलं, पावणेदोनला मंजुरी आली 1,21,000 ची. ऐरोलीत नोकरी करणारा मुलगा कागद घेऊन काउंटरवर. "मॅडम, पॉलिसी तीन लाखांची, वर दीड लाख बोनस. मग निम्मेच कसे?"

कारण पॉलिसीत एका ओळीत होतं: खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्का. तोही मूळ रकमेवर, बोनस धरायचा नाही. म्हणजे 3,000. घेतली होती 6,000 ची सिंगल रूम. मुलाचा समज असा, की वरचे रोजचे तीन हजार आपण खिशातून भरू, चार दिवसांचे बारा हजार, विषय संपला. हा समज घेऊन येणारे मला सतत भेटतात. प्रत्यक्षात हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली की खोलीशी निगडित बाकीचे खर्चही कंपनी निम्मेच देते. याला आधारही आहे. रुग्णालयांचे दर खोलीप्रमाणे चढतात; सर्जन तोच, टेबल तेच, पण सिंगलवाल्याला फी जास्त.

मात्र निम्मे कशाकशाचे, हे ठरलेलं आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2020 च्या नियमांपासून औषधं, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि रुग्णालयात ज्या गोष्टीचा दर खोलीप्रमाणे बदलतच नाही, तिलाही नाही. पॉलिसीतल्या 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'च्या, म्हणजे खोलीशी निगडित खर्चांच्या व्याख्येत हे वाचायला मिळतं. इथे कंपनीच्या क्लेम विभागातल्या कुणीतरी ग्लोव्हज-मास्क वगैरे न मिळणारे 6,000 काढले आणि उरलेल्या 2,42,000 ला सरळ दोनाने भागलं.

मग बिल फोडायला घेतलं. खोली 24,000, मिळणार 12,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, व्हिजिट, नर्सिंग मिळून 80,000, मिळणार 40,000. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, 30,000; आमच्याकडे ओटीचा दर सगळ्या खोल्यांना एकच, म्हणून पूर्ण. इम्प्लांट 62,000, स्टिकर आणि इनव्हॉइस जोडलेलं, पूर्ण. औषधं आणि कन्झ्युमेबल्स 34,000, पैकी 28,000. तपासण्या 18,000, पूर्ण. बेरीज 1,90,000. सोबत दरपत्रकातलं ओटीचं पान स्कॅन करून लावलं. हे पान लावल्याशिवाय तिकडे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि बरीच रुग्णालयं ते बाहेर द्यायलाही तयार नसतात.

फायनल बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा, उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून भरायचा, असा 2024 पासून नियम आहे. कंपनीने वेळ चोख पाळली होती. चुकीचा हिशेब, पण वेळेवर.

पाचच्या सुमाराला सुधारित मंजुरी आली, 1,75,000. ओटीचे 15,000 अडकलेच. क्लेम विभागातला फोनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, सिस्टिम घेत नाही." दरपत्रक उघडलं का, याचं उत्तर मिळालं नाही. इकडे आजी व्हीलचेअरवर, रिक्षावाला खाली थांबलेला. मुलाने 73,000 दोन कार्डांवर मिळून भरले.

कंपनीइतकंच आमच्या घरचंही बोलायला हवं. प्री-ऑथच्या, म्हणजे उपचाराआधी कंपनीने दिलेल्या मंजुरीच्या पत्रातच खोलीची पात्रता 3,000 अशी छापून आली होती. ते पत्र फाइलला लागलं आणि ॲडमिशन काउंटरने विचारलं, "सिंगल की ट्विन?" ट्विनचं, म्हणजे दोघांच्या खोलीचं भाडं 2,800 होतं. ती घेतली असती तर ग्लोव्हज-मास्कचे सहा हजार सोडून फारसं काही भरावं लागलं नसतं. लोक आणतात हेल्थ कार्ड, आणि खोलीची मर्यादा कार्डावर सहसा नसते. पॉलिसीसोबत येणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात ती असते, ते कुणी आणत नाही. ॲडमिशन फॉर्मवर 'पॉलिसीप्रमाणे खोलीभाडं' असा एक रकाना टाका, असं मी सुचवलंय. मार्केटिंगचं म्हणणं, मग सिंगल रूम घेईल कोण?

राहिलेल्या पंधरा हजारांचा रस्ता सरळ आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ठाण्यातच कार्यालय आहे. मुलगा म्हणाला, "आई घरी आली, बस झालं." कंपन्यांचा बराच नफा या वाक्यात असतो.

तरी तक्रारीचा मसुदा मी टाइप करून दिलाय, दरपत्रकाच्या प्रतीसकट. पॉलिसी आजींच्या नावावर असल्याने सही त्यांची हवी. मसुद्यात सगळे आकडे आहेत, आणि आपल्या एका खोलीपायी किती गेले हे आईला कळू नये म्हणून मुलगा कागद घरी न्यायला तयार नाही.