आखाजीचा माल: ड्रेस आणि स्कर्टच्या फिटिंगची नोंद

चैत्र सरत आला की जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर नवा माल लागतो. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि तिच्या मागोमाग लग्नसराई, त्यामुळे वर्षातली मोठी खरेदी याच दिवसांत होते. या नोंदीत घेतलेले कपडे असे: रेयॉनचा बाह्यांचा ए-लाइन ड्रेस, मलमलचा बिनबाह्यांचा फ्रॉक, सुती तीन थरांचा स्कर्ट, रॅप स्कर्ट, सुती सरळ स्कर्ट आणि जॉर्जेटचा पूर्ण घेराचा स्कर्ट. काही पास झाले, काही टाचण्यांवर आहेत.

पारा ४२-४४ ला टेकतो म्हणून आपल्याकडे एक-दोन साइझ मोठंच घ्यायची पद्धत आहे. दुकानातही हेच ऐकू येतं, "ताई, मोकळंच घ्या, हवा लागेल." पण मोकळेपणा हवा तो छातीला, कंबरेला आणि सीटला (नितंबांना). खांद्याला आणि मुंढ्याला (बाही जोडतात ती बगलेभोवतीची गोलाई) तो नको. साइझ वाढवला की सगळंच वाढतं: खांदा दंडावर उतरतो, गळा पसरतो, मुंढा खाली येतो. मग कपडा ढगळ दिसतो आणि तरीही हात उचलला की काचतो. म्हणून खांद्याला बसणारा साइझ घ्यायचा आणि मोकळेपणा त्या कटमध्ये आहे का ते बघायचं. खांद्याला बसतोय पण छातीला तंग आहे, तर तो कट आपला नाही, दुसरा कट बघावा.

घालण्याआधी टेप लावायची. लेबलवरचा ३८ कुठे अंगाच्या मापाचा असतो, कुठे तयार कपड्याचा, त्यामुळे त्या आकड्यावर जाऊ नये. ड्रेस सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. अंगाची छाती ३६ असेल तर न ताणणाऱ्या सुती किंवा रेयॉनच्या ड्रेसला ३९ ते ४० हवी. कंबरेला दीड-दोन इंच आणि सीटला अडीच-तीन इंच जास्त पुरतं. त्यापुढचा मोकळेपणा हा कटच्या आवडीचा भाग.

मग कपडा उलटा करून शिलाईतली मार्जिन बघायची. बहुतेक तयार कपड्यांत पाव इंच ठेवून ओव्हरलॉक मारलेलं असतं, तिथे उसवून काही मिळत नाही. मार्जिन पाऊण-एक इंच असेल आणि प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला, तर दोन्ही बाजूंचे मिळून चार पदर, म्हणजे एकूण २ इंच वाढतात. मात्र रेयॉनवर जुन्या शिलाईची भोकं दिसतात आणि गडद रंगात उसवलेल्या जागी फिकट रेघ राहू शकते. "अल्टर करून देतो" हे आश्वासन मार्जिन बघूनच स्वीकारावं.

घालून पाहताना आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. सैल उभं राहा, कपडा एकदा झटकून बसू द्या, आणि मग चुण्या कुठे बोट दाखवतात ते बघा. ताणाची चुणी नेहमी तंग जागेकडे जाते. छातीच्या टोकापासून बगलेकडे तिरकी चुणी म्हणजे पुढच्या भागात छातीसाठी कापड कमी आहे, टक्स (फुगीरपणा देणारी निमुळती शिवलेली घडी) नाही किंवा चुकीच्या जागी आहे. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या साधारण एक इंच अलीकडे थांबायला हवं. अगदी टोकावर आलं तर तिथे सुळका दिसतो. मानेच्या मागे, गळ्याखाली आडवी घडी पडली तर खांद्याचा उतार जुळत नाही. ती घडी खांद्याच्या शिवणीत गळ्याच्या टोकाला पाव ते अर्धा इंच घेऊन जाते, बाहेरच्या टोकाकडे शून्यावर आणायची.

आता मुंढा. फिटिंगची सगळ्यात जास्त बिघाडी इथेच होते आणि दुरुस्तीही इथेच सगळ्यात उलटी केली जाते. हात वर जात नाही, बगलेत काचतं, अशी तक्रार आली की मुंढा आणखी खोल कापला जातो. त्याने त्रास वाढतो. कारण असं, की हात उचलला की कंबरेपासून कोपरापर्यंतचं अंतर अंगावर वाढतं. कपड्यात तेवढी लांबी बाजूच्या शिवणीत आणि बाहीच्या खालच्या शिवणीत मिळूनच असते. मुंढा जितका खोल, तितकी या दोन्ही शिवणी आखूड, आणि मग बाही सगळ्या ड्रेसला ओढून वर नेते. बगलेच्या जवळ बसणारा मुंढा घट्ट वाटेल असं वाटतं, पण हात त्यातच मोकळा फिरतो.

पारख सोपी आहे. बसमध्ये दांडी धरल्यासारखे दोन्ही हात वर करा. ड्रेसची खालची पट्टी एक-दीड इंच उचलली तर चालेल. तीन इंच उचलली, किंवा कंबरेची शिवण फासळ्यांवर चढली, तर मुंढा खोल आहे. बाहीच्या ड्रेसला मुंढ्याचा तळ बगलेखाली पाऊण ते एक इंच असावा, बिनबाहीला अर्ध्या इंचाच्या आसपास. उन्हाळ्यात घामामुळे कापड अंगाला चिकटतं आणि ही ओढ आणखी जाणवते, त्यामुळे दुकानाच्या पंख्याखाली बरा वाटलेला मुंढा दुपारी स्टँडवर उभं राहिल्यावर नकोसा होतो.

रेयॉनचा ए-लाइन इथेच अडला. खांदा बरोबर, छाती बरोबर, पण मुंढा बगलेखाली जवळपास दोन इंच. कापलेलं कापड परत येत नाही, म्हणून उपाय चौबगल्याचा, आपल्या जुन्या कुडत्यांत असायचा तोच. बाजूची शिवण बगलेपासून ३ इंच खाली आणि बाहीची शिवण ३ इंच पुढे उसवायची. त्या फटीत पानाच्या आकाराचा तुकडा बसवायचा: तयार माप ६ इंच लांब आणि मध्ये अडीच इंच रुंद, कापताना चहूबाजूंनी अर्धा इंच जास्त. तुकडा उरेब (धाग्याला तिरका) कापला तर हाताबरोबर ताणतो. कापड खिशाच्या पिशवीतून किंवा रुंद दुमडीतून काढता येतं. पानाची दोन्ही टोकं हा कच्चा दुवा: तिथे शिलाई फटीच्या टोकावरच संपली पाहिजे, एक टाका पुढे गेला तर चुणी, अलीकडे राहिला तर भोक. टोकांना आतून बोटभर पातळ बकरम इस्त्रीने चिकटवून मग शिवलेलं बरं. एका बगलेचा चौबगला कच्च्या टाक्यांवर लावून झालाय. हात वर केला की उचल आता दीड इंचाच्या आत राहते. दुसरा बाकी आहे.

मलमलच्या बिनबाहीला वेगळी अडचण: पुढच्या मुंढ्याची कड अंगापासून सुटते आणि बाजूने आतलं दिसतं. ही सुटलेली कड चिमटीत धरून मोजायची. इथे पाऊण इंच येते. पाऊण इंच फक्त बाजूच्या शिवणीत घेतला तर छाती तंग होते आणि कड तशीच सुटी राहते. तो मुंढ्यातून छातीच्या टोकाकडे जाणाऱ्या छोट्या टक्समध्ये घ्यायचा, लांबी अडीच-तीन इंच. छापाच्या कापडात तो दिसत नाही. मुंढ्याची पायपिन (कडेची तिरकी पट्टी) आधी तेवढ्या भागात उसवावी लागते आणि टक्स झाल्यावर परत बसवताना किंचित ओढून लावावी म्हणजे कड अंगाला बसते. कंबरही खाली येत असेल तर खांद्यातून अर्धा इंच घेतला की गळा, मुंढा आणि कंबर एकदमच वर येतात. या फ्रॉकची कंबर जागेवर आहे, म्हणून खांद्याला हात लावलेला नाही.

मलमलचं अस्तर तपासून घ्या. आपल्या उन्हात दुकानातल्या ट्यूबलाइटचा भरवसा नाही, कपडा दारात नेऊन मागे हात धरून बघावा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर अस्तर लागणारच. अस्तर सुती, धुऊन घेतलेलं, आणि ड्रेसपेक्षा एक इंच आखूड.

स्कर्टकडे येऊ. सरळ स्कर्ट कंबरेच्या पट्टीला आधी बघायचा: पट्टी आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत, बसूनसुद्धा. उभ्याने तीन-चार बोटं जात असतील तर चालताना स्कर्ट फिरणार, चेन बाजूची पुढे येणार. चेन सीटच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत, म्हणजे कंबरेखाली सात-आठ इंच उतरलेली असावी. आखूड चेनचा स्कर्ट चढवताना चेनच्या तळाशी शिवण फाटते.

पाठीमागे पट्टीच्या लगेच खाली आडवी घडी पडते, ही सरळ स्कर्टची नेहमीची तक्रार. तिची कारणं दोन आहेत आणि उपाय एकमेकांच्या उलट, म्हणून आधी बाजूला सीटजवळ चिमटी घेऊन बघा. दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच सहज चिमटीत आला तर सीट मोकळी आहे आणि मागची लांबी जास्त आहे. पट्टी मागून उसवून मधोमध अर्धा इंच कापड वर पट्टीत घ्यायचं, बाजूच्या शिवणीपर्यंत शून्यावर आणायचं. चिमटी येतच नसेल तर सीट तंग आहे आणि स्कर्ट वर सरकून तिथे घडी साचते. अशा वेळी घडी पट्टीत घेतली तर स्कर्ट मागून आखूड होतो आणि घडी परत येते. बाजू सोडायला हव्यात, मार्जिन नसेल तर स्कर्ट ठेवून द्यावा.

बाजूची शिवण जमिनीला काटकोनात पडते का तेही बघायचं. खाली येताना ती पुढे वळत असेल तर पोटाला कापड कमी पडतंय, मागे वळत असेल तर सीटला. अशा स्कर्टची खालची पट्टी एका बाजूला उचललेली दिसते आणि ती कात्रीने खालून सरळ करायचा मोह होतो. खाली कापून रेषा सरळ दिसते, पण शिवण तिरकीच राहते आणि चालताना स्कर्ट तिथेच पायात अडकतो. फरक वर, पट्टीतच काढावा.

तीन थरांचा सुती स्कर्ट पास. इलास्टिकच्या स्कर्टला पहिला थर सीटवरून चढला पाहिजे. सीट ४० असेल तर पहिला थर ४४ इंच, पुढचा दीडपट म्हणजे ६६, त्यापुढचा ९९. सुतीला दीडपट चुण्या भरपूर होतात. दुप्पट केल्या की वजन वाढतं आणि एक इंची इलास्टिक ते पेलत नाही, स्कर्ट दिवसभर खाली सरकतो. सव्वा इंची इलास्टिक, कंबरेपेक्षा दोन-तीन इंच कमी कापलेलं, आणि नेफ्यात सोबत नाडी, हे धरून ठेवतं. स्कूटीवर बसणाऱ्यांनी खालची कड जमिनीपासून चार इंच वर ठेवावी आणि बसल्यावर घेर मांडीखाली दाबून घ्यावा. मागच्या चाकाशी खेळ नको.

रॅप स्कर्टला एकच गोष्ट निर्णायक: गुंडाळल्यावर एक पदर दुसऱ्यावर किती चढतो. ३० कंबरेला किमान १० ते १२ इंच चढायला हवा. खुर्चीवर बसा, एक पाय पुढे टाका, मग दुकानासमोर लावलेल्या गाडीवर बसून बघा. मांडी उघडी पडली तर कंबरेखाली सात इंचांवर आतून एक टिचबटण लावल्याने काम भागतं, पण चढच सहा-सात इंच असेल तर बटणही ओढ घेतं. या स्कर्टचा चढ ११ आहे, बटण लावायचं ठरलंय.

जॉर्जेटचा पूर्ण घेर हा सुरतेचा माल, नंदुरबार-अमळनेरच्या बाजारात तो भरपूर असतो. घरी कापायचा तर कंबरेची त्रिज्या म्हणजे कंबर भागिले ६.२८: ३० कंबरेला पावणेपाच इंचांच्या जवळ, आणि त्यातून अर्धा इंच शिलाईसाठी आत सोडून कापायचं. कंबरेच्या वर्तुळावर पट्टी लावण्याआधी एक साधी शिलाई फिरवून घ्यावी, नाहीतर ते हाताळतानाच दोन-तीन इंच वाढतं. घेरात चार जागी कापड उरेब पडतं आणि वजनाने तिथे खाली लोंबतं. म्हणून पट्टी लावून दोन दिवस टांगून ठेवायचा आणि मगच खालची कड आखायची. आखताना अंगात घालून, जमिनीपासून पट्टीने मोजत, दर तीन-चार इंचांवर टाचणी. तयार स्कर्ट घेताना तो हँगरवर किती दिवस होता ते विचारण्यापेक्षा घालून चहूबाजूंनी जमिनीपासूनचं अंतर मोजावं. एक इंचापर्यंतचा फरक नव्या दुमडीत जातो. या स्कर्टला पाऊण इंच आहे, बारीक गुंडाळलेली तुरपाई घालायची आहे.

रेयॉनची लांबी शेवटी ठरवा. पहिल्या धुण्यात रेयॉन चांगलाच आटतो, सुतीही ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ४२ इंच लांबीत दीड-दोन इंच. ओला रेयॉन कमजोर असतो, पिळू नये, आणि खांद्यावर टांगून वाळवला तर वजनाने लांबतो. दोरीवर आडवा टाकावा. चौबगला पक्का करण्याआधी ड्रेस एकदा धुऊन, वाळवून, छाती आणि लांबी पुन्हा मोजायची आहे, त्यानंतरच खालची पट्टी मुडपायची.