अस्वलाचे नसलेले दात

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला निघालेल्या बायका मुलांना मागे रेंगाळू देत नाहीत, कारण त्याच फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो. मुलांना कौतुक वाघाचे. माझ्या मते खरे नवल अस्वलात आहे.

त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसतात आणि तीच त्याची सोय ठरते. लांब नखांनी वारूळ फोडल्यावर ते जोराने फुंकर मारून माती उडवते, मग नाकपुड्या मिटून, सैल ओठांची नळी करून त्या फटीतून उधई ओढून घेते, आणि हा आवाज शंभर मीटरहून दूर ऐकू जातो. पिले आईच्या पाठीवरच्या लांब केसांना घट्ट धरून फिरतात.

वाघाचे पट्टे केसांपुरते नसून कातडीवरही असतात आणि दोन वाघांचे कधीच सारखे नसतात, म्हणून ताडोब्यात छायाचित्रांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. रानकुत्री मात्र पांगल्यावर शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना शोधतात. हे सांगितले की मुले लगेच शिट्ट्या वाजवू लागतात, आणि पुढचे सांगायचे राहून जाते.