मुहूर्त नसलेले दिवस : आमची वाटचाल

आम्ही परिषदांची व्यवस्था बघतो; आमच्या ऑफिसात गणपतीच्या फोटोखाली दाते पंचांग खिळ्याला टांगलेलं असतं. विज्ञान परिषदेची तारीख ठरवायला आलेले बाहेरगावचे प्राध्यापक मला ते काढताना बघून एकमेकांकडे बघतात. बघू देत. हे पंचांग आमच्या सोलापुरातलंच, शंभर वर्षांवर झाली निघतंय, आणि माझं घर त्याच्यावर चालतं. लोक त्यात मुहूर्त शोधतात. आम्ही मुहूर्त नसलेले दिवस शोधतो.

ही अक्कल माझी नाही, सरांची. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून नुसतं रसायनशास्त्राचे सर म्हणतो. १९९७ साली ते साखर पेठेत आमच्या मंडपाच्या दुकानात आले तेव्हा वडील कनाती मोजत होते. दीडशे माणसांची परिषद, अनुदान तुटपुंजं. वडिलांनी कार्यालयाचा लग्नसराईचा भाव सांगितला. सरांनी भिंतीवरचं पंचांग मागून घेतलं आणि पितृपक्षावर बोट ठेवलं. "या पंधरा दिवसांत कार्यालयवाला माशा मारत बसलेला असतो. निम्म्यात देतो का, विचारा." त्यानं निम्म्याहून कमीत दिलं. पहिल्या दिवशी जेवणात खीर ठेवली, तर दोघे-तिघे "श्राद्ध कुणाचं?" म्हणून विचारून गेले.

त्या परिषदेत स्लाइड प्रोजेक्टर मी चालवला. ऐंशी स्लाइडचं गोल ताट, प्रत्येक स्लाइड डोकं खाली करून घालायची. एक जरी सुलट बसली, तरी पडद्यावर रेणू उलटा आणि सभागृहात हशा. जादा दिवा मी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचो. त्या दिव्याच्या काचेला बोट लावायचं नसतं. बोटाचं तेल लागलं की तिथंच जास्त तापून तो फुटतो. आजची पोरं पेन ड्राइव्ह खिशात घालून येतात आणि फाइल उघडत नाही म्हणून माझ्याकडे बघतात.

२००४ साली सोलापूरला विद्यापीठ झालं आणि कामं वाढली. मंडप भावाकडे गेला, परिषदा मी धरल्या. पोस्टरचे बोर्ड करून घेतले, तीन बाय चार फुटांचे, प्लायवर फेल्ट, सगळे उभे. ए-झिरो कागद ८४ सेंटिमीटर रुंद आणि ११९ उंच असतो, तो त्यावर बरोबर बसतो. आडवं पोस्टर आणलं की दोन्ही बाजूंनी कान बाहेर येतात. म्हणून पहिल्याच परिपत्रकात ठळक लिहायचं, पोस्टर उभंच. हे कुणी लिहीत नाही, आणि मग नोंदणीच्या टेबलावर आमच्या पोरांना शिव्या बसतात.

आता २०१६ चं सांगतो.

जवळपास तीनशे माणसांची राष्ट्रीय परिषद होती. आम्ही आदल्या डिसेंबरची २१ ते २३ काढून दिली होती. धनुर्मास, त्यामुळे कार्यालयं मोकळी, थंडी, हुरडा सुरू झालेला. जानेवारीच्या ३ ते ७ ला तेव्हा विज्ञान काँग्रेस असायची, तीही टळत होती. पण मध्येच पुण्याची एक इव्हेंट कंपनी शिरली. गुळगुळीत प्रेझेंटेशन, गळ्यात पट्टे घातलेली मुलं. त्यांनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. १५ जानेवारी शुक्रवार, संक्रांत, जोडून शनिवार-रविवार. समितीला तीन दिवसांची जोडसुट्टी आवडली. मी बैठकीत म्हणालो, "साहेब, तेव्हा गड्डा असतो." अध्यक्ष बाहेरचे होते. ते म्हणाले, "खड्डा? कुठल्या रस्त्याला?"

गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, हे माहीत असलेले बैठकीतले सोलापूरकरही गप्प बसले, हे मला आजही टोचतं.

बोर्ड, जेवण आणि खोल्या आमच्याकडे पोटठेक्यानं आल्या. मी घ्यायला नको होत्या. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सोलापुरात लॉज मिळतो का? निम्मे प्रतिनिधी अक्कलकोटला आणि तुळजापूरला ठेवले, रोज सकाळी चाळीसेक किलोमीटर बसनं आणायचे. १५ तारखेला संध्याकाळी मुख्य व्याख्यान, आणि त्याच वेळी होमाची मिरवणूक. हैदराबादहून आलेले वक्ते गाडीतून उतरून चालत आले. पांढऱ्या बाराबंद्यांच्या गर्दीत एकटा निळा कोट, लॅपटॉपची बॅग छातीशी धरलेली, डोक्यावरून नंदीध्वज चाललेले. सभागृहात शिरल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "मी दीड तास उशिरा आलोय, पण असं काही मी पाहिलं नव्हतं." माणूस मोठा. समिती मात्र लहान निघाली. सगळं खापर "स्थानिक व्यवस्थे"वर फुटलं आणि कंपनीनं आमचं बिल अडवलं. दोन लाख ऐंशी हजार.

लॉजवाल्यांना, आचाऱ्याला मी रोख दिले होते. टेम्पो विकला. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. बोर्डांनाही गिऱ्हाईक लागलं होतं, शाळेला हवे होते. तेव्हा सर आले, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. "बोर्ड विकू नकोस," एवढंच बोलले. पुढच्या वर्षभरात त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या तीन परिषदा आणून दिल्या, तिन्हींचे पैसे आगाऊ. पाटल्या सुटल्या. टेम्पो गेला तो गेला.

त्यानंतर काम नीट चाललं. कोरोनात बंद होतं, पण ते सगळ्यांचंच होतं.

तारीख काढणाऱ्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. सप्टेंबरात पितृपक्ष स्वस्त पडतो, पण सोलापुरात पाऊस पडला तर तेव्हाच पडतो, म्हणून मैदानात मंडप घालू नका. आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या गाड्यांचा भरवसा धरू नका. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता चालणाऱ्यांचा असतो; तिकडचं हॉटेल घेतलंत तर तुम्हीही चालाल. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालंय. तेव्हा निबंध स्वीकारल्याचं पत्र त्याच्या आधी माणसाच्या हातात पडलं पाहिजे. आता विमान झालंय, तरी बहुतेक प्रतिनिधी रेल्वेनंच येतात. आणि किटमध्ये रेक्झिनची बॅग देऊ नका हो. सोलापुरात येऊन माणूस टॉवेलाशिवाय परत जातो, हे बरं दिसतं का?

नवं पंचांग आलं की सरांचा फोन येतो, "यंदा भाकड दिवस किती?" त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, मी वाचून दाखवतो.

मागच्या महिन्यात त्या पुण्याच्या कंपनीतून फोन आला. नवा मुलगा होता, बिचारा अदबीनं बोलत होता. सोलापुरात परिषद आहे, कुठली तारीख घ्यावी, काका? मी पंचांग खिळ्यावरून काढलं, धनुर्मासाचं पान उघडलं आणि म्हणालो, "सांगतो. आधी दोन लाख ऐंशी हजार पाठव."

साहेबांना विचारून कळवतो म्हणाला.