पिनकोड ४४१५०१

काटोल नाक्यावर दिंडी उभी होती तेव्हा उजाडायचं होतं. वीणेकरी काकांनी मला एकट्याला पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त टाळाची जोडी हातात दिली. त्यांना कळलं होतं. माघात माझा जोडीदार झोपेतच गेला, हे दिंडीतल्या बहुतेकांना कळलं होतं.

पंढरपूर सगळ्यांना झेपत नाही, म्हणून गुरुपौर्णिमेला विठोबाच धापेवाड्याला येतो, अशी आमच्याकडची श्रद्धा. तिथली नदीही चंद्रभागाच. कोलबास्वामींचं हे स्थान नागपूरहून तीस-पस्तीस किलोमीटरवर. गोरेवाडा, फेटरी, कळमेश्वर, की आलंच.

आम्ही दोघं रेल्वे डाकसेवेत. रात्रपाळीला समोरासमोर बसून टपाल वर्गवारीच्या खान्यांत टाकायचो. माझं काम चोख होतं, त्याचं वेगळंच होतं. मी पत्ता वाचायचो, तो पत्ता लिहिणाऱ्याला वाचायचा. राखीच्या दिवसांत पाकिटांचा ढीग पडायचा आणि त्यात हमखास एखादं निघायचं, नुसतं 'मु. खैरी, जि. नागपूर'. आता खैरी नावाची गावं आपल्या जिल्ह्यात किती! आडनाव बघ, शिक्का कुठला बघ, पाठवणारीचं गाव बघ, असं करत पहाटेपर्यंत तो ते पाकीट बाजूला धरून बसायचा. साहेब चिडायचे. हा म्हणायचा, "राखी हाय साहेब. बहिणीनं पाठवली असन. परत कशी जाऊ द्याची?" अशी पाकिटं बरोबर पोचली की नाही, हे आम्हाला कधीच कळायचं नाही. टपालात तसं कळतही नाही. त्याला त्याचं काही वाटायचं नाही, मला मात्र वाटायचं.

देवभोळा तो अजिबात नव्हता. विठ्ठलापेक्षा त्याची श्रद्धा श्रीराम भिकाजी वेलणकरांवर जास्त. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या डोक्यातून, आणि हा माणूस संस्कृतात कविता करायचा, हे तो दर वर्षी फेटरीच्या आसपास कोणा ना कोणाला ऐकवायचाच. पहिला आकडा विभागाचा, ४४ म्हणजे विदर्भ, शेवटचे तीन तुमच्या पोस्टाचे. ऐकणाऱ्या बाया टाळ थांबवून हसायच्या. मग तो प्रत्येकीला गाव विचारायचा. "काटोल? ४४१३०२. सावनेर? ४४११०७. चला माउली, पोचलं तुमचं पत्र."

मग वारीला यायचा कशाला? एकदा विचारलं होतं. म्हणाला, जन्मभर ज्या गावांचं टपाल टाकलं, ती गावं पायानं तरी पाहू दे. वाटेत पोस्ट दिसलं की हा रांगेतून बाहेर. लाल पेटीवर डाक काढायची वेळ लिहिली आहे का, पेटीला गंज चढलाय का, हे बघून यायचा आणि धावत धावत दिंडी गाठायचा. धाप लागलेली असायची. तेव्हाच डॉक्टरला दाखवायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. म्हणोत.

यंदा पाऊस लांबलेला. फेटरीच्या पुढे डोक्यावर ऊन, खाली काळ्या मातीचा चिखल चपलेला धरून बसलेला. कपाशी जेमतेम वर आली होती. संत्र्याच्या एका बागेपाशी लोकांनी चहा आणि तर्रीपोहे दिले, तिथे फुगड्याही झाल्या. मी पोस्टापाशी थांबलो नाही. पेट्या दिसल्या, पण मला त्यातलं काय कळणार?

कळमेश्वरला पायाला फोड आले. ४४१५०१. पाटी वाचायच्या आधी आकडाच आठवला, आणि तिथे मात्र रस्त्याच्या कडेला बसून मी रडलो. शेजारी एक पोरगा बूट काढून बसला होता. त्याला वाटलं पाय दुखताहेत, त्यानं मलमाची ट्यूब पुढे केली. मी लावलंही.

धापेवाड्याला पोचल्यावर वहिनींना फोन केला.

"पोचले का भाऊजी? पाय कसे आहेत?"

"ठीक आहेत."

"दर्शन घेतलं?"

"नाही. आम्ही कधी घेतलंच नाही ना. तो नदीवर भाकर सोडून बसायचा, मीही त्याच्याबरोबर."

"माहीत आहे मला. इतकी वर्षं माझ्यासाठी प्रसाद आणायचा तो बाहेरच्या दुकानातून. यंदा तरी आतला आणा."

मग लाईनीत लागलो. पुढचा म्हणाला, दोन तास कुठं गेले नाहीत.