तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवर सगळं कळतं तर मशीन कशाला?

परभणीला गेले की कुणीतरी विचारतंच, तू फ्यूजनचं सिम्युलेशन करतीस ना, मग कॉम्प्युटरवर सगळं कळत असंल तर एवढाली मशीनं कशाला बांधतेत? अहो, फ्यूजन म्हणजे हलक्या अणूंचे गाभे एकमेकांत मिसळून ऊर्जा काढायची, सूर्यात होतं तसं. कॉम्प्युटरवर, म्हणजे सिम्युलेशनमधी, ते कधीचंच पेटलंय की!

अमेरिकेत लिव्हरमोरच्या लॅबमधी एनआयएफ नावाचं फ्यूजनचं मशीन आहे, तिथं १९२ लेसरच्या जोरावर दोनेक मिलीमीटरची इंधनाची गोळी दाबतेत. २०१२ पर्यंत इग्निशन, म्हणजे लेसरनं घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर, होईल असं सिम्युलेशन म्हणत होतं, झालं नाही. बरीच कारणं निघाली, त्यातलं एक तर भारीच, गोळी जागेवर धरायला नॅनोमीटरमधी मोजावा लागंल एवढा पातळ पापुद्रा लावलेला असतो, एवढ्याशानं काय होतंय म्हणून तो कुणी फार मनावर घेतला नव्हता, आणि गोळी दबताना नेमका त्याचाच वळ तिच्यावर उमटत होता.

टोकामॅकचं, म्हणजे तापून प्लाझ्मा झालेला वायू चुंबकांनी धरून ठेवणाऱ्या मशीनचं, दुखणं वेगळं. आत दहा कोटी अंशाच्या वर तापमान, थर्मामीटर घालणार कुठं? मग लेसर सोडायचा, इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरलेल्या उजेडाचा रंग किती फाकला ते बघायचं अन् त्यावरून तापमान काढायचं, तेही ठरावीक जागांचंच. सिम्युलेशनमधी मात्र कोपरा न् कोपरा दिसतो. पीकविम्यासारखं आहे बघा, पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी आणि आपलं रान लांब, दोन्ही खरंच बोलतेत पण आकडे जुळत नाहीत. म्हणून आम्ही कोडमधीच एक खोटं यंत्र बसवतो, म्हणजे कोडमधल्या प्लाझ्माकडं त्या यंत्रानं बघितलं असतं तर काय दिसलं असतं ते काढतो, अन् मग तुलना. हे न करता नुसते ग्राफ एकमेकांवर ठेवणाऱ्यांचा मला लई राग येतो.

आणि जुळलं तरी हुरळून जायचं नाही. कोडमधी तापमानाचा उतार मोजमापाच्या चुकीएवढाच जरा हलवला तरी बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा आकडा कुठल्या कुठं जातो, म्हणजे पाहिजे तिथं जुळवता येतं. म्हणून प्लाझ्माची खळबळसुद्धा जुळते का ते बघायचं.

५ डिसेंबर २०२२ ला एनआयएफमधी लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा घालून फ्यूजनमधून ३.१५ बाहेर आले. यावेळी जमण्याची शक्यता जास्त आहे हे आधीच सांगितलेलं होतं, पण ते नुसत्या कोडनं नाही, मागच्या शॉट्सचे, म्हणजे लेसर मारून केलेल्या प्रयोगांचे, आकडे त्यात घातले होते. आता लोडशेडिंग कधी जाणार ते नका विचारू, तो लेसर चालवायलाच ३०० मेगाज्यूलच्या आसपास वीज लागली.