सड्यावरची रेंज

आमच्या घरात रेंज येत नाही. देवगड तालुक्यातली आमची वाडी खाडीच्या अंगाला, उतारावर, माडापोफळींच्या आड बसलेली आहे. पाखाडी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गेलं की फोनला जाग येते. तिथे कातळावर एक एकटं काजूचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं की तीन दांड्या येतात, दोन पावलं सरकलं की एक. वाडीतले सगळे महत्त्वाचे फोन त्या काजूखाली होतात. मुंबईच्या चाकरमान्यांशी गप्पा, वाशीच्या बाजारातल्या आंब्याच्या दलालांशी घासाघीस, आणि मागे एकदा तर एका लग्नाची देण्याघेण्यासकट सगळी बोलणी.

२०२४च्या जानेवारीत मी निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या एका इंडेक्स फंडात दरमहा २,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे ठरलेली मासिक गुंतवणूक, सुरू केली, आणि त्या काजूचा सगळ्यात नेमाचा भक्त झालो. सकाळी शाळेत जायच्या आधी एक फेरी, संध्याकाळी चहानंतर एक, जेवल्यावर शतपावलीच्या नावाखाली एक. चौतिशीतला बिनलग्नाचा मास्तर तिन्हीत्रिकाळ सड्यावर जातो म्हटल्यावर आईने तिच्या परीने अर्थ काढला. एका रात्री भाकरी वाढता वाढता हळूच म्हणाली, "कोणाचा चेडू ता?"

मी म्हटलं, "म्युच्युअल फंड."

तिचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

आता यातली खरी गंमत सांगतो. ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. शेअर बाजार उघडतो सव्वानऊला, बंद होतो साडेतीनला. माझ्या फंडाचा भाव, म्हणजे एनएव्ही, बाजार बंद झाल्यावर काढतात आणि रात्री अकरापर्यंत जाहीर करतात. दिवसातून एकदा. म्हणजे सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला मी जो आकडा डोळे फाडून बघायचो तो आदल्या रात्रीचा असायचा. शिळा. आठ वेळा बघितला म्हणून तो ताजा होत नव्हता. हे मला कळत होतं, आणि पाय तरी पाखाडी चढत होते.

शाळेत रेंज आहे, त्यामुळे तिथे तर सोयच होती. ऑफ तासाला वह्या तपासायला काढायच्या आणि वहीवर फोन ठेवायचा. एकदा आठवीतल्या पोराने विचारलंही, "सर, स्कोअर काय झाला?" मी म्हटलं, "पावसामुळे खेळ थांबलाय." फेब्रुवारी महिना होता. माझी बोटं तर किती वाजले ते बघायला फोन उघडायची, आकडा बघायची, फोन बंद करायची. किती वाजले ते बघायचं राहूनच जायचं. युनिट्स, म्हणजे फंडातले आपले हिस्से, तीन दशांश स्थळांपर्यंत दाखवतात, हीही वाईट खोड. गणिताच्या मास्तराला दशांश चिन्हाच्या पुढे तीन आकडे दिले की तो त्यांच्यावर जीव लावणारच.

मग ४ जून उजाडला.

आमच्याकडे लोकसभेचं मतदान ७ मेलाच आटोपलेलं. इलेक्शन ड्युटीचं जागरण विसरून झालं होतं, शाळेला सुट्टी होती. मासेमारी १ जूनपासून बंद, बंदरातल्या होड्या वर ओढून शाकारलेल्या. पाऊस दारात येऊन थांबलेला. सकाळपासून टीव्हीसमोर अख्खी पडवी भरली होती. बाकीचे जागा मोजत होते, मी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात सेन्सेक्स, म्हणजे निफ्टीसारखाच चढउतरणारा शेअर बाजाराचा दुसरा निर्देशांक, बघत होतो. आदल्याच दिवशी एक्झिट पोलच्या भरात तो अडीच हजारांनी उडाला होता. त्या दिवशी बाजार बंद होईपर्यंत ४,३९० अंकांनी आपटला. मी अकराला सड्यावर गेलो, एकला गेलो, साडेतीनला गेलो. तिन्ही वेळा ॲप हिरव्यागार अक्षरांत सांगत होतं की माझ्या १०,००० रुपयांचे १०,५४० झालेत. घराला आग लागलीय आणि आतला माणूस म्हणतोय, चहा घेणार का.

रात्री अकराला बॅटरी घेऊन निघालो. बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, "खय चललंस?"

"सड्यार."

"थंय वाघ येता."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो येतो हे खरंच आहे. तरी गेलो. काजूखाली वारा इतका होता की बॅटरीचा उजेडसुद्धा हलतोय असं वाटत होतं. आकडा आला होता. ९,९१५.

एका रात्रीत सव्वासहाशे रुपये गेले, असं मनाने लगेच मांडलं. घातलेल्या पैशांतले गेले होते पंच्याऐंशी. पंच्याऐंशी रुपयांत बंदरावर बांगड्याची थाळी येत नाही. पण त्या वेळी थाळी कोणाला सुचते! अंगठा 'रिडीम'वर, म्हणजे युनिट्स विकायच्या बटणावर, गेला. ॲपने ओटीपी मागितला. तो आला नाही. दुसऱ्यांदा मागितला, तोही नाही. तिसऱ्या वेळी पाऊसच आला आणि मी फोन सदऱ्यात खुपसून धावत खाली आलो. ओटीपी सकाळी सव्वासातला एकदम तिन्ही आले, तिन्हींची मुदत संपलेली.

पुढे कळलं ते आणखी मजेचं. रात्री बटण दाबलं असतं तरी मला त्या रात्रीचा भाव मिळणारच नव्हता. दुपारी तीननंतरची मागणी दुसऱ्या दिवशीच्या एनएव्हीवर निघते, आणि दुसऱ्या दिवशी बाजार २,३०० अंकांनी वर गेला. म्हणजे ज्या आकड्याने घाबरून मी विकत होतो त्या आकड्याला विकणं शक्यच नव्हतं. शुक्रवारी, ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३वर बंद झाला, पडायच्या आधी होता त्याच्याही वर. पाच दिवसांचा आठवडाही पुरता झाला नव्हता. मुंबईचा चुलतभाऊ फोनवर विचारतो, "तू तेव्हा विकलं नाहीस, कसं काय धीर धरलास?" मी म्हणतो, "लांबचा विचार करायचा असतो रे." ओटीपीचं त्याला अजून सांगितलेलं नाही. हा लेख तो वाचणार नाही अशी आशा आहे.

या सगळ्यात मला आजी आठवायची. आमच्या लहानपणी आंबे उतरले की मांगरात पेंढा पसरून आढी घालायची. दरवाजा नुसता लोटलेला. आम्ही पोरं दुपारी आत शिरून पेंढा बाजूला करून एकेक आंबा दाबून बघायचो. पिकला? नाही. हा? नाही. आजीला कुठून कळायचं कोण जाणे, बाहेरूनच ओरडायची, "दाबू नको मेल्या, डाग पडतलो!" आणि पडायचाच. ज्याला चार पोरांचे अंगठे लागले तो आंबा नेमका अंगठ्याच्याच जागी काळा पडायचा आणि तिथूनच नासायचा. ती स्वतः हात लावायची नाही. दारात उभी राहून एक मोठा श्वास घ्यायची आणि सांगायची, परवा काढू.

गोष्ट छान आहे. पण खरं सांगायचं तर तेवढ्याने माझं समाधान होत नाही. कारण आजीसुद्धा आढी बघायचीच. एक नासका राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो, तो वेळेवर काढावा लागतो. आणि कोकणातल्या माणसाला 'बघू नको' असं सांगण्यात अर्थ काय? आमचा जन्मच बघण्यात जातो. डिसेंबरात मोहोर फुटला की बाबा पहाटेचे बॅटरी घेऊन कलमांत शिरतात आणि पालवी उलटी करकरून तुडतुडे बघतात. ढग आले की आभाळ बघतात. कणीएवढी फळं धरली की फळगळ बघतात. एप्रिलमध्ये तर मला हसणारे हेच बाबा त्याच काजूखाली उभे राहून दिवसातून तीनदा वाशीला फोन लावतात. आज पाच डझनी पेटीला काय भाव? सकाळी काय होता? उद्या गाड्या किती येतायत? मी एकदा तोंडावर म्हटलंही, "तुमीपण बघतासच ना?"

ते काही बोलले नाहीत. शिडी उचलली आणि खालच्या कलमांकडे गेले. वाशीत भाव चांगला होता, म्हणून त्या दिवशी उतरवायचं ठरलं होतं.

मला त्या शिडीने सगळं सांगितलं. बाबांच्या प्रत्येक बघण्याच्या शेवटी एक काम असतं. तुडतुडा दिसला तर फवारणी. भाव पडला तर चार दिवस आंबा झाडावर. आभाळ आलं तर वाळत घातलेली आमसुलं आत. माझ्या बघण्याच्या शेवटी काय होतं? काहीच नाही. इंडेक्स फंडात कोणती कंपनी घ्यायची, कोणती काढायची हेसुद्धा माझ्या हातात नाही, ते निर्देशांक ठरवतो. माझ्या हातात एकच बटण, आणि ते दाबायची हुक्की येते ती दाबू नये अशाच दिवशी. बघून बघून हात शिवशिवायला लागतात, आणि रिकामा हात गप्प बसत नाही. शिडी नसली की माणूस रिडीम उचलतो.

हे शिकलेल्या लोकांनी आकड्यांत मांडलेलं आहे. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख बरंच मोठं असतं. पुढे ते साधारण दुप्पट धरायचा प्रघात पडला. बेनार्त्झी आणि थेलर या अर्थतज्ज्ञांनी १९९५ साली त्याला पुढची जोड दिली. जो वारंवार हिशोब बघतो त्याला शेअर बाजार जास्त धोक्याचा वाटतो, बाजार तोच असला तरी. मला हे आमच्या वाण्याच्या वहीसारखं वाटतं. रोज बघितलं तर जवळजवळ निम्मे दिवस लाल, म्हणजे भाव पडलेलाच, दिसणार. लालचा चिमटा दुप्पट. म्हणजे वर्षाच्या शेवटी पैसे वाढलेले असले तरी मनाच्या वहीत उधारीच निघते.

एवढं वाचून सवय सुटली म्हणता? छे. मी ॲप काढून टाकलं, तर संकेतस्थळ सापडलं. चोवीस अक्षरी पासवर्ड केला, तो कागदावर लिहिला आणि कागद आईला दिला. तिने तो ट्रंकेत एलआयसीच्या पॉलिसीशेजारी ठेवला. तीन दिवसांनी मागितला तर म्हणाली, "सापडत नाय." पुन्हा मागितला तर म्हणाली, "माका काय ठावक?" ट्रंकेला कुलूप कधीपासून लागलं, हे मी विचारलं नाही.

उपाय शेवटी पंचांगात मिळाला. बाबा भरती बघायला कधी बंदरावर जात नाहीत. तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असली तर चाराचे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, कालवं काढायला जायचं तर ओहोटीच्या हिशोबाने नऊला निघा. बाजाराला तिथी नाही, ते त्याचं दुर्दैव. पण बघणाऱ्याला तिथी लावता येते. मी संकष्टी धरली. आई उपास करतेच, चंद्रोदय होईतो जेवत नाही. चंद्रही रात्री उशिरा, एनएव्हीही रात्री उशिरा. पावसाळ्यात तर चंद्र ढगाआडच असतो, कालनिर्णयातली वेळ बघून मोदक वाढायचे. तसंच मी महिन्यातून त्या एका रात्री, मोदक खाऊन, सड्यावर जायचं. कागद तेवढ्यापुरता ट्रंकेतून बाहेर येतो. एरवी नाही.

पहिले दोन महिने हाल झाले. चहा झाला की पाय आपोआप पाखाडीकडे वळायचे. मग नुसताच जाऊन बसायचो, फोन घरी ठेवून. त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच मी सड्यावरची फुलं नीट बघितली. कातळावर वीतभर पाण्यात निळ्याजांभळ्या फुलांचा पट्टाच्या पट्टा येतो, आणि आठवड्याभरात रंग बदलतो. इतकी वर्षं मी त्यांच्यावर उभा राहून रेंज शोधत होतो.

परवाची गोष्ट. जेवणं झाली होती. टीव्हीवर बातम्या संपत आल्या होत्या आणि खाली काहीतरी लाल रंगाचं सरकून गेलं. बाबा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. कातरता कातरता थांबले.

"काय रे, ता तुझा आज वर असा काय खाली?"

"बघूक नाय."

"बघ तरी."

"आज संकष्टी नाय, बाबा."

थोडा वेळ नुसती झोपाळ्याची कडी वाजत राहिली. मग त्यांनी अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला, आतल्या दाराकडे बघून आईला ट्रंकेची किल्ली मागितली आणि मला म्हणाले, "थांब, बॅटरी घेवन मी येतंय वांगडा. थंय वाघ येता."