तुम्ही विचारलंत म्हणून: वाढदिवसाला पेरूच का?

ऑफिसात नवा आलेला प्रत्येक जण पहिल्याच वाढदिवसाला विचारतो. जुने विचारत नाहीत, पेरूच्या फोडींकडे बघून फक्त हसतात. वर्गणी पन्नास रुपयेच राहिली, मग केक कुठे गेला? पैसे मी खात नाही, एवढं आधी सांगून टाकतो.

केक बंद झाला तो अकाउंट्सच्या काकांमुळे, असा समज आहे. अर्धाच खरा. काकांना अठरा वर्षं डायबेटिस, इन्शुलिन चालू. मी हौसेनं त्यांच्यासाठी वेगळी 'शुगर फ्री' खजूर-अंजीर बर्फी आणायचो. साखर नाही म्हणजे गोड नाही, असं मला खरंच वाटायचं. एकदा त्यांनी साखर मोजायच्या मशीनवरचा 240 चा आकडा दाखवला. म्हणाले, "पेढा दिला असतास तर अर्धा मोजून खाल्ला असता. हे औषध समजून चार तुकडे खाल्ले." म्हणून मी तिखटाकडे वळलो आणि स्वतःवर खूश झालो.

तेव्हाच ती मुलगी नवीन लागली होती. पहिल्याच दिवशी तिनं दाण्यांची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगितलं होतं. मी काय म्हणालो? "मग उपास कसा करतेस?" सगळे हसले, तीही हसली.

त्या शुक्रवारी कोथिंबीर वडी मागवली. ज्या काकूंकडून नेहमी मागवतो त्यांना फोनवर मुद्दाम विचारलं, "काकू, शेंगदाणे नाहीत ना?" "छे हो, वडीत कुठले शेंगदाणे!" त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी शेंगदाणे म्हणजे अख्खे दाणे. वडी खुसखुशीत व्हावी म्हणून घालतात ते कूट. तो निराळा डबा, निराळं नाव. माझ्या घरीही तसंच आहे. आईला विचारलं असतं तर तिनंही हेच उत्तर दिलं असतं.

तिनं अर्धी वडी खाल्ली. आधी ओठ खाजायला लागले, मग मानेवर गांधी उठल्या. मी ड्रॉवरमधली सेट्रिझीन, अ‍ॅलर्जीची गोळी, शोधून दिली आणि "बस, पाणी पी" म्हणालो. सात-आठ मिनिटं मी अशी घालवली. मग तिचा आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी यायला लागली. काकाच ओरडले, "रिक्षा बघ!" कर्वे रोडला त्या वेळी रिक्षा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. सगळा रस्ता ती माझं मनगट धरून होती आणि मी "आलंच, आलंच" म्हणत होतो. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून काही तास ठेवून घेतलं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "गोळीची वाट बघत बसायचं नसतं."

लोक म्हणतात, तुझी काय चूक, तू विचारलं होतंस. विचारलं होतं, पण चुकीच्या शब्दानं. आणि त्या आधी हसलो होतो, ते कुणी धरत नाही.

तेव्हापासून पेरू, नाहीतर मागे घटक छापलेलं बंद पाकीट. पाकिटावर शेंगदाणा, दूध, गहू, सोया असलं तर लिहावंच लागतं. सुट्या मिठाईच्या ताटापुढे 2020 पासून तारीख लावतात, पण बर्फी काजूची की दाण्याची ते तारखेवरून कसं कळणार? ग्लुकोजची पावडर मात्र ड्रॉवरमध्ये असते. एकदा काकांची साखर 58 पर्यंत उतरली होती, तेव्हा तीन चमचे साखर मीच पाण्यात ढवळून दिली होती. म्हणजे गोडाचा मी शत्रू नाही.

तरी काका चिडतात. "मी काय खायचं ते तू ठरवणार?" त्यांचं बरोबर आहे. ती म्हणते, "तुम्ही आणा काहीही, मी माझा डबा आणीन." तिचंही बरोबर, पण वेगळ्या ताटाचं मला नको वाटतं. आता हे माझं नको वाटणं तिच्यासाठी की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

31 जानेवारीला काका रिटायर होतायत. काय आणू विचारलं तर म्हणाले, "गुळाची पोळी. वडीवाल्या काकूंच्याच हातची." गूळ, तीळ, बेसन आणि काकू घालतात ते कूट. मी हो म्हणालेलो नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही.